नोंदवहीतली नोआ

ठकी छप्पन्न वर्षांची झाली तरी घरात ठकीच होती. कागदोपत्री तिला एक भारदस्त नाव होतं, वडिलांच्या आजीवरून ठेवलेलं. शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या कागदावर, बँकेत, सगळीकडे तेच. पण त्या नावाने तिला हाक मारणारं माणूस एकच, दातांच्या दवाखान्यातली बाई, आणि तीही यादी वाचून. दुकानात ती ताई, घरात ठकी. आपल्याला आणखी एक तिसरंच नाव असेल, ही शंका यायचं तिला काही कारण नव्हतं.

ती पडदे शिवायची. रस्त्याला लागून एक लांबट खोली, खोलीभर पसरलेलं मेज, त्यावर खडू, टेप, टाचण्या आणि लोकांच्या खिडक्यांची मापं लिहिलेली वही. परदेशात असलेल्या लेकीला दिवस गेले आणि ती म्हणाली, "आई, या वेळी मला कारणं सांगू नकोस, यायचंच." मग प्रवासाचे कागद आले, त्यांच्यामागे जन्माच्या दाखल्याची मागणी आली, आणि तो आजवर कधी लागलाच नव्हता. म्हणून एका मंगळवारी दुकानाला दुपारपर्यंत कुलूप घालून ठकी नोंदणी कार्यालयात गेली.

खिडकीतल्या कारकून बाईंचा चष्मा साखळीला अडकवलेला होता. त्यांनी आतून एक जाडजूड नोंदवही आणली, कोपरे झिजून गोल झालेली, आणि पानं उलटता उलटता विचारत गेल्या. "वडील कुलुपं दुरुस्त करायचे?"

"हो."

"आईचं नाव बरोबर. तारीख बरोबर. पत्ता मागच्या गल्लीतला?"

"तोच. अजून माझा भाऊ राहतो तिथे."

"मग तुम्ही स्वतःचं नाव चुकीचं कसं सांगितलंत?"

ठकीला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. बाईंनी नोंदवही फिरवून तिच्यासमोर धरली. वडिलांचं अक्षर तिने कुठेही ओळखलं असतं. मान खाली घालून चालल्यासारखं, पुढे झुकलेलं अक्षर. बाळाचे नाव या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: नोआ.

"हे काय?" ठकी म्हणाली.

"ते तुम्ही सांगायचं. मला तर हे पुरुषाचं वाटतंय. तो नाही का, ज्याने नाव बांधली?"

"कोणाचं नाव?"

"अहो, नाव. होडी. मोठा पूर आला आणि त्याने सगळे प्राणी जोडीजोडीने आत घेतले, तो."

ठकी पुन्हा वाकून बघू लागली. शेजारच्या रकान्यात 'मुलगी' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तेवढ्याने तिला थोडा धीर आला, पण तेवढ्यानेच.

बाईंनी एका अर्जावर नोंदवहीतलं नाव लिहून तो पुढे सरकवला. "घाबरू नका, अशी प्रकरणं येतात. एक तर नोंदवहीतलं नाव बदला, नाहीतर बाकी सगळ्या कागदांवरचं. अर्ज एकच. कोणतं नाव कायम ठेवायचं ते इथे लिहायचं, खाली कारण. महिन्याभरात आणून द्या."

ठकी अर्ज पिशवीत घालून दुकानात आली आणि एका गिऱ्हाइकाच्या बैठकीच्या खोलीचा पडदा कापायला घेतला. खाली दुमडायला सोडायचे चार इंच ती विसरली. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. वाया गेलेलं कापड हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली आणि हळूच, कोणी ऐकत तर नाही ना असं बघून, म्हणाली, "नोआ." दुसऱ्याच्या चपला पायात घातल्यासारखं झालं.

लेकीला मात्र भलताच आनंद झाला. "आई, किती गोड! माझ्या ऑफिसात दोन नोआ आहेत. हिब्रू नाव आहे. थांब, अर्थ बघते." फोनवर खुडबुड झाली. "विसावा. नोआ म्हणजे विसावा."

ठकीला हसूच फुटलं. एकोणिसाव्या वर्षापासून ती शिलाई मशीनवर बसली होती, नवऱ्याच्या आजारपणातही उठली नव्हती. विसावा म्हणे!

पण दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा पुन्हा फोन. "आई, घोळ आहे. दुसरीकडे लिहिलंय की नोआ म्हणजे हालचाल."

"मग काय, विसावा की हालचाल?"

"दोन्ही लिहिलंय."

"अगं, झोपणं आणि पळणं एकच कसं असेल?"

"ते मला काय विचारतेस? आजीला विचार ना, नाव तिने ठेवलंय की मी?"

आजीला, म्हणजे आपल्या आईला, ठकी इतक्यात विचारणार नव्हती. आई त्र्याऐंशी वर्षांची. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि उजव्याने हवं तेवढंच यायचं. शिवाय ठकीच्या मनात एक भलतीच भीती शिरली होती. आपल्या आधी कोणी असेल का? होऊन गेलेलं, न राहिलेलं? त्याची नोंद आपण पांघरून बसलोय का? तारीख आपलीच, हे तिला कळत होतं. पण भीतीला तारीख कुठे कळते.

तिला चष्म्याच्या दुकानावर राहणारे सर आठवले. दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि हिब्रू शिकवायचे. शिकायला यायचे तीन-चार जण, तेही कधीमधी. पुस्तकांच्या पाठी उन्हाने विटू नयेत म्हणून त्यांनी मागच्या वर्षी तिच्याकडून दुहेरी अस्तराचे पडदे करून घेतले होते. त्यांच्याकडे चढून जाताना तिने पडद्यांच्या कड्या बघायला आल्याचा बहाणा तयार ठेवला होता, पण दार उघडताच तिच्या तोंडून निघालं, "सर, नोआ म्हणजे काय हो?"

सरांचा चेहरा खुलला. असा प्रश्न घेऊन त्यांच्या दारात कित्येक वर्षांत कोणी आलं नसावं. त्यांनी कागद ओढला आणि उजवीकडून डावीकडे लिहू लागले.

"ही दोन वेगळी नावं आहेत, ताई. पहिलं अक्षर दोन्हींत एकच. पुढे वाटा फुटतात. हे बघा, दोन अक्षरांचं. हे पुरुषाचं. याच्या शेवटी घशातून खरखरीत आवाज येतो, नोअख म्हटल्यासारखा. परदेशी लोकांनी तो गिळून टाकला आणि नोआ केलं. याचा अर्थ विसावा. आणि हे तीन अक्षरांचं, बाईचं. याचा अर्थ हलणं. वाऱ्याने फांदी हलते तसं."

"मग माझं कोणतं?"

"तुमचं?"

ठकीने नोंदवहीची गोष्ट सांगितली. सरांनी शांतपणे ऐकली. "नोंदवहीत कोणत्या लिपीत लिहिलंय?"

"आपल्याच."

"आपल्या लिपीत दोन्ही सारखीच दिसणार. मुलगी आहात, तेव्हा तीन अक्षरांचं धरून चाला. हलणं, झुलणं." ते जरा थांबले, आणि मग प्रामाणिक माणसाला राहवत नाही तसं म्हणाले, "त्याच मुळापासून भटकत फिरणंही निघतं. ठिकाण नसलेलं."

"म्हणजे भटकी?"

"किंवा झुलणारी. शब्दकोश एवढंच सांगतो. पुढचं, ज्याने नाव ठेवलं त्यालाच विचारा."

ठकी जिना उतरली तेव्हा आली होती त्यापेक्षा तिचा गोंधळ वाढला होता. विसावा, हालचाल, झुला, भटकंती. एका बाईच्या अंगावर इतके अर्थ चढवायचे म्हणजे एका खिडकीला चार पडदे लावण्यासारखं झालं. आणि यातलं एकही तिला आपल्या मापाचं वाटेना. ती जन्मली त्या गल्लीपासून तिचं दुकान सात मिनिटांवर होतं. भटकणं कुठलं आणि काय!

रविवारी ती आईकडे गेली. भाऊ दुकानातून यायचा होता, वहिनी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. आई स्वयंपाकघराच्या मेजाशी मटार सोलत बसली होती. ठकी समोर बसली, एक शेंग उचलली आणि उजव्या कानाच्या बाजूला वाकून विचारलं, "आई, नोआ कोण?"

आईचे हात थांबले. ऐकू आलं नाही असं म्हणायची तिला संधी होती, ठकीने मनात तीन आकडे मोजले. पण आई म्हणाली, "अगं बाई! आहे का ते अजून?"

"नोंदवहीत आहे. बाबांच्या अक्षरात."

"आणि मला म्हणाले, बदलून आणलं." आईच्या चेहऱ्यावर राग आणि हसू दोन्ही एकदम आलं. "मेला आळशी माणूस! छप्पन्न वर्षं मला फसवलं."

मग तिने सांगितलं. एका दमात नाही. मध्येच मटार सांडले, ते वेचले, मध्येच वहिनी जिन्यात आहे का ते बघायला सांगितलं.

ठकी झाली तेव्हा आई प्रसूतिगृहात आठ दिवस होती. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिलाही मुलगी झालेली. ती बाई हिब्रू प्रार्थना म्हणणाऱ्या घरातली होती, आणि बोलकी. दोघी मुलींना पाजता पाजता बोलत बसायच्या. आई तेव्हा रडवेली होती, बाळंतपणाने नाही. तिचे वडील नुकतेच गेले होते. सुतारकामाचा मोठा कारखाना होता त्यांचा, तो तिच्या चार भावांनी वाटून घेतला. तिला निरोप आला तोही वाटणी झाल्यावर. "मला हिस्सा नको होता गं," आई म्हणाली. "म्हणजे हवा होता की नको होता, मला सांगता यायचं नाही. मला कोणी विचारलंच नाही, तर मी कधी ठरवू?"

हे ऐकून शेजारच्या बाईने तिला तिच्या लोकांची एक फार जुनी गोष्ट सांगितली. पाच बहिणींची. बाप वाळवंटात मेला, भाऊ नाही. जमिनीची वाटणी व्हायची होती आणि त्यांच्या बापाचं नाव यादीत असणार नव्हतं. तेव्हा त्या पाच जणी उठल्या, सगळा समाज जमला होता तिथे गेल्या, पुढाऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या बापाचा हिस्सा आम्हाला द्या. आणि दिला. तिथून कायदाच तसा झाला.

"त्यातली एक नोआ," आई म्हणाली. "पाची जणींची नावं सांगितली तिने. पाचांतलं हेच एक मला धड म्हणता आलं."

"आणि अर्थ?"

"अर्थ कोण विचारतं? ती उभी राहिली, एवढं मला पुरे होतं." आईने एक शेंग दोन बोटांत दाबली. "पुढे त्यांना अट घातली म्हणे, की लग्नं आपल्याच कुळात करायची, जमीन बाहेर जाता कामा नये. तेही सांगितलं तिने. मी ते सोडून दिलं."

वडिलांनी काही न विचारता नाव लिहून टाकलं. घरी कळलं तेव्हा ठकीच्या आजीने तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी आजीने आपल्या सासूचं नाव बाळाला दिलं आणि वडिलांना नोंद बदलायला पाठवलं. ते दुपारभर बाहेर राहिले आणि आल्यावर म्हणाले, झालं काम.

"आळशीपणा म्हणायचा की काय, देव जाणे," आई म्हणाली.

ठकी मेजाकडे बघू लागली. तिला अकरा वर्षांपूर्वीचं हेच मेज दिसत होतं. वडील जाऊन तीन आठवडे झाले होते. भावाने घरावरचा हक्क सोडल्याचा कागद आणला होता आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलने बारीकशी फुली मारून ठेवली होती. आई तेव्हाही इथेच बसली होती.

"आई, मी त्या कागदावर सही केली तेव्हा तू काही का बोलली नाहीस?"

"मी तुझ्याकडे बघत होते," आई म्हणाली. "तू पेन कुठेय, एवढंच विचारलंस."

"मग आता तुला काय वाटतं, मी काय करावं?"

"मला विचारू नकोस. तो माझा मुलगा आहे. मी त्याच्या घरात राहते, तो रोज रात्री माझ्या पायांना तेल लावतो." आईने सोललेले मटार उगाच पुन्हा चाळले. "आणि तू माझी मुलगी आहेस. मला विचारू नकोस."

तेवढ्यात भाऊ आला. वडिलांचं कुलपांचं दुकान तोच चालवायचा. कोणतंही दार दोनदा ओढून बघितल्याशिवाय पुढे न जाणारा माणूस. ठकीने आईला दाखवायला मेजावर काढून ठेवलेला अर्ज त्याने उचलला, वाचला, आणि खुर्चीत बसला.

"म्हणजे तुझं खरं नाव हे?"

"नोंदवहीत तरी हेच आहे."

"मग त्या कागदावर सही कोणाची आहे?"

वरच्या मजल्याचं बांधकाम काढायचं त्याच्या मनात होतं आणि त्यासाठी घराचे कागद नुकतेच वकिलाकडे गेले होते. वकील शंकेखोर म्हणून प्रसिद्ध होता.

दुसऱ्या दिवशी तो ठकीच्या दुकानात आला. इतक्या वर्षांत तो तिथे चार-पाच वेळाच आला असेल. मेजावरच्या जांभळ्या कापडाला धक्का न लावता त्याने काल सोबत नेलेला अर्ज ठेवला. त्याच्या नीटस अक्षरात सगळं भरून तयार होतं. कायम ठेवायच्या नावापुढे वडिलांच्या आजीचं नाव. खाली पेन्सिलची बारीक फुली.

"वकिलाने सांगितलंय, हे केलं की काही अडचण नाही. दोन मिनिटांचं काम आहे, ठके."

ठकी त्या फुलीकडे बघत राहिली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला की निदान माणसाला कुठे उभं राहायचं ते कळतं. पण हाच भाऊ तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत दवाखान्याच्या बाकावर झोपला होता. तिच्या दुकानाला पहिलं कुलूप त्याने बसवलं होतं आणि अजून दरवर्षी तो न सांगता येऊन त्यात तेल घालून जायचा. या माणसाकडून तिला काही हवं होतं का? घर हवं होतं का? त्यातली एखादी खोली? तिने मनात घरभर फिरून बघितलं, प्रत्येक खोलीत थांबून विचारलं, आणि कुठूनच धड उत्तर आलं नाही.

"दादा, हे इथे ठेव. मी शुक्रवारी जाणार आहे कार्यालयात."

"आत्ताच सही केली असतीस तर मीच नेऊन दिला असता."

"शुक्रवारी," ती म्हणाली.

शुक्रवारी तो तिच्या आधीच कार्यालयात येऊन बाकावर बसला होता. ठकीने खिडकीतून कोरा अर्ज मागून घेतला, तेव्हा तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. ती उभ्याउभ्याच लिहू लागली. 'नोआ' लिहायला तिला दोन अर्ज लागले, पहिल्यात तिचा हात सवयीने जुन्या नावाकडे गेला. मग कारणाचा रकाना आला. तिथे तिचं पेन अडलं. विसावा लिहावं की हालचाल? पाच बहिणी दोन ओळींत कशा मावतील? मागे रांग खाकरायला लागली. तिने लिहिलं: आईने ठेवलेलं नाव.

कारकून बाईंनी चष्मा वर करून वाचलं. "आता बाकी सगळे कागद बदलावे लागतील बरं का. बँक, घरपट्टी, सगळं. हेलपाटे घालून दमाल."

"घालीन."

"आणि ते होडीवाले?"

"ते वेगळे. त्यांच्या नावात दोनच अक्षरं," ठकी म्हणाली, आणि आपण हे किती सहज सांगितलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

बाहेर पायऱ्यांवर भावाने तिला गाठलं. त्याचा चेहरा, चावी आत जाते पण फिरत नाही तेव्हा असतो तसा झाला होता.

"आईने तुला काही सांगितलंय का?"

"आईने सांगितलं की मला विचारू नकोस."

"मग हे कशासाठी? तुला मी काही कमी केलं का?"

"नाही रे. काहीच कमी केलं नाहीस."

"मग?"

"दादा, मागच्या वेळी तू फुली मारून आणलीस. मीही सही केली, तुझी एकट्याची चूक नाही. पण तू मला विचारलं नाहीस."

"काय विचारायचं होतं?"

पायऱ्यांवरून माणसं खाली-वर करत होती, हातात कागद, तोंडात पेनाची टोपणं. भावाने खिशातला चाव्यांचा जुडगा काढला, परत ठेवला. तो हुशार माणूस होता, फक्त त्याला वेळ लागायचा.

"तुला," तो म्हणाला, आणि अडखळला. "ठके, तुला घरातलं काही हवंय का?"

तिला वाटलं होतं, हा प्रश्न ऐकला की सगळं लख्ख होईल. एक तर म्हणू, नको रे, तुझंच आहे. नाहीतर म्हणू, हो, हवंय. दोन्ही वाक्यं तोंडापर्यंत आली आणि दोन्ही खरी वाटली. तिचे डोळे भरून आले, आणि ते कशासाठी हेही तिला कळेना.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही, दादा. आजवर कधी विचारच केला नव्हता. आता करते. लेकीकडे जाऊन येते, तिचं बाळंतपण उरकते, तोवर विचार करते."

"आणि वरच्या मजल्याचं?"

"थांबेल थोडं."

"वकील काय म्हणेल?"

"त्याला सांग, बहीण विचार करतेय."

भाऊ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, जड नव्हती तरी, आणि दुकानापर्यंत तिच्याबरोबर चालत आला. वाटेत दोघं घराबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. कुलूप तिने स्वतः उघडलं. तो थोडा वेळ दारात घुटमळला, जांभळा पडदा कोणाचा म्हणून विचारलं, तिने सांगितलं, आणि तो आपल्या दुकानाकडे निघून गेला.

ठकीने टेप गळ्यात घातली. फुकट गेलेल्या कापडाऐवजी नवं कापड आणायला हवं होतं. गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं.